डोंगल की ब्लूटूथ: घरच्या कॉम्प्युटरसाठी कीबोर्ड-माऊस निवडताना

वायर नको, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरतो. टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा हवी असेल, माऊसची वायर दर वेळी झाडूत अडकत असेल, किंवा नव्या मॉनिटरपुढे जुना पिवळा पडलेला कीबोर्ड डोळ्यांत खुपत असेल. कारण काही का असेना, दुकानात गेलात की दोन जाती समोर येतात. एकीत नखाएवढं डोंगल यूएसबीत खोचलं की काम सुरू. दुसरी ब्लूटूथची. तिथे डोंगल नाही, एकदा जोडणी करून घ्यायची. मी दोन्ही वापरले. ब्लूटूथचा संच जेमतेम वर्षभर टिकला, म्हणजे माझा धीर तेवढा टिकला, आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ डोंगलवाला वापरतोय. डीपीआय किती आणि आवाज कमी-जास्त करायची बटणं किती हे खोक्यावर छापलेलं असतं, ते तुम्ही वाचालच. मी खोक्यावर नसलेलं सांगतो.

आधी आमच्या घरचा वापर सांगायला हवा, नाहीतर माझं म्हणणं तुम्हाला कितपत लागू पडतं ते कळायचं नाही. डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर, हॉलच्या कोपऱ्यात टेबल, टेबलाखाली सीपीयू. मी सोसायटीचा सेक्रेटरी. त्यामुळे नोटिसा, पत्रं, इतिवृत्तं हे सगळं मराठीत, आणि मेंटेनन्सची बिलं आकड्यांत. मराठी मी इन्स्क्रिप्टने, म्हणजे विंडोजमधल्या देवनागरीच्या ठरावीक मांडणीने, टाइप करतो. सावकाश, दोन्ही हातांची मिळून चार बोटं वापरून, नजर बहुतेक वेळ कीबोर्डवर. बायको शिकवणीचे पेपर काढते. मुलगी कॉलेजात, तिला कॉम्प्युटरपेक्षा टॅब जवळचा. गेम कोणी खेळत नाही, त्यामुळे मिलिसेकंदांच्या हिशोबात पडायची गरज आम्हाला कधी भासली नाही.

ब्लूटूथचा संच पहिला घेतला, आणि तो दिसण्यावर भाळून घेतला हे कबूल करतो. पातळ, राखाडी, बटणांचा आवाज जवळजवळ नाही. रात्री अकराला टाइप करत बसलो तरी आत कोणी कूस बदलत नव्हतं. वरच्या रांगेत तीन बटणं होती. एक दाबलं की कॉम्प्युटर, दुसरं दाबलं की टॅब, तिसऱ्यावर माझा फोन. मुलीने त्याचा जो उपयोग करून घेतला तो पाहून पैसे वसूल झाले असं वाटायचं. तिचे सगळे प्रोजेक्ट टॅबवर त्याच कीबोर्डने टाइप झाले. मी स्वतः सोसायटीच्या ग्रुपवरच्या लांबलचक भांडणांना फोनवरच, पण दहा बोटांच्या ऐटीत उत्तरं दिली. ही सोय साध्या डोंगलवाल्यात नाही, आणि तिची किंमत मी कमी लेखत नाही.

‘यूएसबीची एक जागा वाचते’ हा जो फायदा सांगतात, त्याने मात्र माझी फसगत झाली. लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ असतंच. घरी जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये ते असेलच असं नाही. आमच्या मदरबोर्डवर नव्हतं. मग ब्लूटूथसाठी वेगळा यूएसबी अडॅप्टर आणला, म्हणजे डोंगल टाळायला एक डोंगल. तेही सीपीयूच्या मागे, पत्र्याच्या आड, भिंतीला टेकून. तुमचा कॉम्प्युटर डेस्कटॉप असेल तर खरेदीच्या आधी एवढं एक तपासाच.

तरंगांच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. दोन्ही त्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात, जिथे घरातला वाय-फाय राउटर बोलतो आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही गुणगुणतो. ब्लूटूथ या गर्दीतून वाट काढायला सतत उड्या मारत असतं. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये ७९ वाहिन्या आणि सेकंदाला १,६०० पर्यंत उड्या. ऐकायला भारी वाटतं. घरात बसून टाइप करताना यातलं काही जाणवत नाही, कारण कीबोर्ड सीपीयूपासून दोन हातांवर असतो. दहा मीटरचा पल्ला हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला सोफ्यावर आडवं पडून सिनेमा थांबवण्यापुरता.

पहिली कुरबुर सुरू झाली ती वीज गेल्यावर. आमच्याकडे वीज जाते तशी येते, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. कॉम्प्युटर धाडकन बंद पडला की पुढच्या वेळी विंडोज सुरू होण्याआधीच एखादा पडदा येतो, त्यावर बाण हलवून एंटर मारायचं असतं. तिथे ब्लूटूथ कीबोर्ड मुका. साहजिकच आहे. बहुतेक घरगुती कॉम्प्युटरांत ब्लूटूथची जोडणी विंडोज उठल्यावर जिवंत होते. डोंगलवाला कीबोर्ड मात्र कॉम्प्युटरला साध्या वायरच्या कीबोर्डसारखाच दिसतो, त्यामुळे तो पहिल्या सेकंदापासून चालतो. मी माळ्यावरून जुना वायरवाला कीबोर्ड काढला, पुसला आणि टेबलाखाली ठेवून दिला. बायको म्हणाली, “अहो, नवा कीबोर्ड चालू करायला जुना कीबोर्ड?” उत्तर नव्हतं. पण वर्षातून चार-पाच वेळा येणारा प्रसंग, एवढ्यावरून कोणी संच बदलत नाही. मीही बदलला नसता.

बदलला तो एका ‘अ’मुळे.

वायरलेस कीबोर्ड बॅटरी वाचवायला झोपतात. सगळेच झोपतात, डोंगलवालेही. फरक उठण्यात आहे. ब्लूटूथवाला गाढ झोपला की कॉम्प्युटरशी असलेलं नातंच सोडून देतो. तुम्ही बटण दाबलं की त्याला जाग येते, मग तो कॉम्प्युटरला हाक मारतो, ओळख पटते, जोडणी होते आणि मग अक्षरं जाऊ लागतात. या सगळ्याला सेकंद-दीड सेकंद लागतो. काही कीबोर्ड या वेळात दाबलेली अक्षरं स्वतःजवळ धरून ठेवतात आणि जोडणी झाल्यावर पाठवतात. माझा धरत नव्हता. तो गिळायचा.

जलद टाइप करणाऱ्याला हा त्रास चटकन कळतो. त्याची चार अक्षरं जातात, शब्दाचं शेपूट तेवढं उरतं, तो चडफडतो आणि पुन्हा टाइप करतो. माझ्यासारख्या सावकाश माणसाचं एकच अक्षर जातं. दुसऱ्या बटणावर बोट पोहोचेपर्यंत कीबोर्ड जागा झालेला असतो. आणि नजर खाली असल्यामुळे पडद्यावर काय उमटलं ते ओळ संपल्यावर दिसतं. ‘सचिव’चं ‘चिव’ होतं, ‘थकबाकी’ची ‘कबाकी’ होते. इन्स्क्रिप्टमध्ये व्यंजन आणि मात्रा वेगवेगळ्या बटणांवर असल्यामुळे कधी अर्धवट सांगाडाही उरतो. ‘मासिक’ लिहायला जावं तर ‘म’ गायब, आणि काना बिचारा ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला. ते वर्तुळ दिसलं की निदान कळतं तरी. खरा धोका आहे तो पहिलं अक्षर जाऊनही शब्द धडधाकट उरतो तिथे.

मे महिन्यातली कमिटी मीटिंग होती. तळमजल्यावरच्या एका सभासदांनी पावसाआधी कंपाउंडच्या बाजूला पत्र्याची कायमची शेड टाकायची परवानगी मागितली होती. चर्चा तासभर झाली आणि परवानगी नाकारली गेली. मी इतिवृत्त करायला बसलो. माझी पद्धत अशी की तक्त्यात आधी सगळे विषय टाइप करून घ्यायचे आणि मग वही उघडून एकेका विषयासमोर निर्णय भरायचा. टाकीची सफाई, मान्य. वॉचमनचा गणवेश, मान्य. जिन्यातले दिवे, मान्य. तेवढ्यात इस्त्रीवाला आला. कपडे मोजले, एक शर्ट कमी होता, त्यावर बोलणं झालं. परत येऊन बसलो, वहीत पाहिलं आणि शेडच्या समोर टाइप केलं ‘अमान्य’. कीबोर्ड झोपला होता. ‘अ’ गेला.

‘नामंजूर’ लिहायची सवय असती तर वाचलो असतो. ‘न’ गेला असता, काना वर्तुळावर लटकला असता, लाल रेघ आली असती. ‘मान्य’ला कोण लाल रेघ देणार? वर तीन ‘मान्य’ होतेच, त्यांच्या रांगेत चौथा शिस्तीत बसला. मी पीडीएफ केली, ग्रुपवर टाकली, एक प्रत काढून नोटीस बोर्डावर लावली आणि झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली वेल्डिंगचा आवाज. फॅब्रिकेटर अँगल घेऊन आलेला, भिंतीत चार भोकं पाडून झालेली. चेअरमनचा फोन आला, “अहो सेक्रेटरी, हे काय चाललंय खाली?” मी तावातावाने उतरलो. त्या सभासदांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. पडद्यावर माझी पीडीएफ, खाली माझी सही. त्यांची काही चूक नव्हती. मीटिंगला ते आलेच नव्हते, जे लिहून आलं ते त्यांनी मानलं. पुढच्या मीटिंगमध्ये ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय, जो एरवी अर्ध्या मिनिटात उरकतो, तो चाळीस मिनिटं चालला. कीबोर्डने अक्षर खाल्लं हे मी सांगितलं. कोणी विश्वास ठेवला असं चेहऱ्यांवरून वाटलं नाही. मीही ठेवला नसता.

त्यानंतर संच लगेच बदलला असंही नाही. आधी उपाय करून पाहिले. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या गुणधर्मांत ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ अशा अर्थाची खूण असते, ती काढली. थोडा फरक पडला असं वाटलं, पण ती कॉम्प्युटरच्या बाजूची झोप. कीबोर्डची स्वतःची झोप बंद करायची सोय माझ्या संचात नव्हती. मग स्वतःलाच सवय लावली. उठून आलो की आधी शिफ्ट दोनदा दाबायचं, एक-दोन-तीन म्हणायचं आणि मग टाइप करायचं. दाराची कडी वाजवून आत जावं तसं. आठवडाभर जमलं. मग बँकेच्या साइटवर पासवर्डचं पहिलं अक्षर गेलं. तिथे तर ठिपकेच दिसतात, नऊ आहेत की दहा कोण मोजतं? दोनदा चुकला, तिसऱ्यांदा हात थरथरला. त्या महिन्याच्या शेवटी मी मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला.

सगळे ब्लूटूथ कीबोर्ड असे नसतात, हेही सांगायला हवं. माझ्या एका मित्राकडे माझ्या संचाच्या तिप्पट किमतीचा आहे. त्याच्या घरी मी मुद्दाम चहा-पोहे होईपर्यंत थांबून टाइप करून पाहिलं, एकही अक्षर गेलं नाही. पण मित्राकडे लॅपटॉप आहे आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद नाही.

आता डोंगलवाल्याचे दोष, कारण तो काही देवाघरून आलेला नाही. माझा पहिल्या आठवड्यातच रुसला. माऊसचा बाण अडखळत चालायचा, चिखलातून चालल्यासारखा, आणि तेही ठरावीक वेळी. बाहेरच्या हार्ड डिस्कवर पुतणीच्या लग्नाचे फोटो चढवत असताना. मला वाटलं माऊसच खराब निघाला. कारण वेगळंच होतं, आणि नवं नव्हतं. यूएसबी ३.० च्या वेगाने डेटा वाहतो तेव्हा त्यातून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच गोंगाट बाहेर पडतो आणि शेजारी खोचलेल्या डोंगलला माऊसचं बोलणं ऐकू येत नाही. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. सीपीयूच्या मागे निळ्या जिभेच्या जागा असतात त्या बहुधा ३.० च्या. माझी हार्ड डिस्क एका निळ्या जागेत आणि डोंगल तिला चिकटून दुसऱ्या निळ्या जागेत. डोंगलला तेवढ्या वेगाची गरजच नाही. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर आणली, तिचं टोक टेबलाच्या कडेला खालून चिकटवलं, डोंगल तिथे लावलं. तेव्हापासून अडखळणं बंद. वायरलेस घेऊन वायर आणावी लागली, यावर बायको काय म्हणाली ते लिहीत नाही. पण ती वायर टेबलाखाली आहे, दिसत नाही, आणि एकदाच लावायची होती.

दुसरा दोष, डोंगल हरवणं. घरच्या डेस्कटॉपला हा प्रश्न जवळजवळ येत नाही, कारण ते खोचलं की तिथेच राहतं. पण घर बदललं, कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला, तर दुकानातून ते परत आलं का हे बघा. स्वस्त संचांत डोंगल आणि कीबोर्डची जोडी कारखान्यातच बांधलेली असते. डोंगल गेलं तर राहिलेला कीबोर्ड-माऊस रद्दीत. याला अपवाद आहेत. लॉजिटेक कंपनीचं २००९ मधलं युनिफाइंग डोंगल सहा उपकरणांपर्यंत जोडून घेतं आणि वेगळं विकतही मिळत आलंय. २०२१ पासून त्यांनी बोल्ट नावाचं नवं आणलं. या दोघांचं एकमेकांशी जुळत नाही, तेव्हा घेताना डोंगलवरची खूण पाहून घ्या. दोन्ही एकसारखीच दिसतात आणि दुकानातला पोऱ्या ‘एकच आहे साहेब’ म्हणतो.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांच्या डोंगलना बाहेरून, शंभर मीटरांपर्यंतच्या अंतरावरून, खोटी बटणं दाबल्याचे संदेश पाठवता येतात, आणि काही स्वस्त कीबोर्ड तर टाइप केलेलं उघड्यावरच पाठवतात. या बाबतीत ब्लूटूथ उजवं, कारण त्यात संदेश सांकेतिक करायची सोय मुळातच आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी अँटेना लावून माझी मेंटेनन्सची बिलं चोरेल असं मला वाटत नाही, पण कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात. म्हणून डोंगलवाला घेताना खोक्यावर ‘एईएस १२८ बिट’, म्हणजे संदेश सांकेतिक करून पाठवतो, असं लिहिलेलं शोधलं. ते नसलेले संच दोनशे-तीनशे रुपयांनी स्वस्त मिळत होते. तेवढे वाचवले नाहीत.

सेलबद्दल लोक फार चिंता करतात, मला ती अस्थानी वाटते. माझ्या ब्लूटूथ संचात आत बसवलेली बॅटरी होती, महिन्या-दीड महिन्याने चार्जिंगला लावायची. एका रविवारी बिलं काढताना मधेच संपली, मग फोनची वायर लावून तसाच वापरला. म्हणजे अडत काही नाही. पण आतली बॅटरी तीन-चार वर्षांनी थकणार, आणि ती बदलायला कीबोर्ड उघडणं माझ्या आवाक्यातलं नाही. डोंगलच्या संचात पेन्सिल सेल लागतात, कीबोर्डला रिमोटचे बारीक दोन आणि माऊसला त्याहून जाडा एक. माऊसचा सेल गणपतीत घातला तो पुढच्या आषाढीला बदलला. कीबोर्डचे तर आतापर्यंत एकदाच बदललेत. एक करा, अल्कलाइन सेल घाला. भिंतीवरच्या घड्याळातले साधे स्वस्त सेल घातले तर ते पाझरतात, आणि पाझरले की पावसाळ्यात आतल्या स्प्रिंगवर हिरवट थर चढतो. पुन्हा चार्ज होणारे सेल चालतात, मात्र त्यांचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असल्यामुळे बॅटरी संपत आल्याचा दिवा उगाच लवकर लागतो. त्याकडे दुर्लक्ष करायचं.

मराठी टाइप करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट सेलपेक्षा दसपट काळजीने बघायला हवी, आणि ती म्हणजे उजव्या हाताच्या करंगळीखालची बटणं. इंग्रजीवाल्यांना तिथे विरामचिन्हं आणि कंस असतात, लहान कीबोर्ड करताना कंपन्या तीच बटणं आखूड करतात किंवा इकडेतिकडे हलवतात. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच बटणांवर ‘च’, ‘ट’, ‘ड’ आणि ‘य’ आहेत. एंटरच्या वरच्या उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर ‘ॉ’ आहे, आणि शिफ्ट धरून तिथेच ‘ऑ’. वॉचमन, ऑडिट, डॉक्टर, लॉक. सोसायटीचा कारभार त्या एका बटणाशिवाय चालत नाही. माझ्या पातळ कीबोर्डवर एंटर मोठं आणि आडव्या-उभ्या आकाराचं होतं, आणि हे बटण डावीकडे शिफ्टशेजारी जाऊन बसलं होतं. वर्षभर माझा प्रत्येक वॉचमन अडखळला. डोंगलचे साधे, पूर्ण लांबीचे संच सहसा आपल्याकडच्या नेहमीच्या मांडणीचे असतात. पातळ, सुबक ब्लूटूथवाल्यांत तसं असेलच असं नाही. देवनागरीचे स्टिकर लावणार असाल तर चौकोनी, सपाट बटणं घ्या. गोल बटणांवर स्टिकरचे कोपरे उचलतात आणि घामाने निघून येतात. उजवीकडचं ऑल्टही आहे ना ते पाहा, इंग्रजी-इंडिया मांडणीत ते धरून ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. काही छोट्या कीबोर्डांवर त्या जागी भलतंच बटण असतं.

आकडे भरणाऱ्याला उजवीकडचा आकड्यांचा चौकोन हवाच, यावर जास्त बोलत नाही. अठ्ठेचाळीस फ्लॅटची बिलं वरच्या रांगेतून एकदा भरून पाहा.

टायपिंग हाच ज्यांचा धंदा त्यांचा विचार वेगळा असतो. डीटीपीवाले अजूनही टीव्हीएस गोल्ड कीबोर्डच्या खडखडाटावर जीव टाकतात, आणि तो वायरचा आहे. त्यांना हा लेख नको.

माऊसबद्दल थोडक्यात. हाताच्या मापाचा घ्या, लॅपटॉपच्या पिशवीसाठी केलेला बुटका माऊस घरच्या टेबलावर तासभर वापरला की अंगठा दुखतो. आवाज न करणारा मिळाला तर उत्तम, रात्री घरातले दुवा देतात. काचेच्या टेबलावर साधा माऊस चालत नाही आणि चकचकीत सनमायकावर बाण थरथरतो. आमच्याकडे माऊसखाली गेल्या वर्षीच्या कालनिर्णयची पानं असतात, छापलेली बाजू वर. पॅडची गरज पडली नाही. झोपेचा प्रश्न माऊसलाही असतो, पण माऊसचं पहिलं हलणं गेलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पुन्हा हलवायचं. म्हणून माऊस ब्लूटूथचा असला तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती कीबोर्डला.

तेव्हा तुमच्याकडे लॅपटॉप असेल, टॅबवर किंवा फोनवरही टाइप करायचं असेल, आणि बरंचसं इंग्रजीत, पडद्याकडे बघत, वेगाने करत असाल, तर ब्लूटूथ घ्या, सुखी व्हाल. दोन्ही सोयी असलेले संचही मिळतात, डोंगल डेस्कटॉपला आणि ब्लूटूथ टॅबला. खिसा परवानगी देत असेल तर त्याला तोड नाही. माझा जुना संच वाया गेलेला नाही, तो मुलीने आपल्या खोलीत नेला. टॅबवर लिहिताना पहिलं अक्षर गेलं तर ती न चिडता पुन्हा दाबते. तिच्या पिढीला ते चालतं. पण कॉम्प्युटर एका जागी आहे, त्यावर मराठीत कामाचं काही लिहिलं जातं आणि लिहिणारा वहीत बघून लिहितो, असं असेल तर माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल.

कोणताही घ्या, दुकानात एक करा. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो तेव्हा मी तेच केलं. दोन खोकी उघडायला लावली, एक डोंगलवाला आणि एक ब्लूटूथवाला. दोन्ही दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून घेतले, नोटपॅड उघडलं, आणि दुकानदाराला म्हटलं, आता पंधरा मिनिटं कोणी हात लावू नका. तो म्हणाला, “काका, चालतोय ना, मग?” मी समोरच्या टपरीवर कटिंग घेतला, पेपर चाळला, परत आलो. आधी ब्लूटूथवाल्यावर एक ते नऊ आकडे दाबले, माझ्या नेहमीच्या संथ चालीने. पडद्यावर दोनपासून नऊपर्यंत आले. मग डोंगलवाल्यावर तेच. दुकानदारही आता वाकून बघत होता. १ पासून ९ पर्यंत, एकही गळला नव्हता. त्याने न सांगता खोकं बंद करायला घेतलं आणि विचारलं, बिल कोणाच्या नावाने करू.